पाणी आधी की राख आधी

फादरांविषयी कुणी गोड बोलायला लागलं की आजही माझं डोकं फिरतं. मागे सोलापुरात एका लग्नात त्यांचा जुना विद्यार्थी भेटला. "संतमाणूस होता हो," म्हणाला आणि उपरण्यानं डोळे पुसले. मी ताटावरून उठायच्या बेतात होतो. संत कसले? चार वर्षांत ज्या माणसानं मला एकदाही "मास्तर, तुमचं बरोबर आहे" म्हटलं नाही, तो संत? आणि हा विद्यार्थी तरी कोण, तर फादर वर्गाच्या दारात दिसले की बाकाखाली शिरणारा.

निजामाच्या अमदानीतली ती शेवटची वर्षं. नळदुर्गापासून चार कोसांवर, सोलापूर–हैदराबाद रस्त्याच्या कडेला, एका माळावर कॅथलिक मिशनचं आवार होतं. छोटं देऊळ (ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणायचे), चार खोल्यांची शाळा, एक गोड्या पाण्याची विहीर आणि वीसपंचवीस ख्रिस्ती घरं. मी तिथं मराठी आणि गणित शिकवायला होतो. मी लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे. मिशनची नोकरी धरली म्हणून घरी चार महिने माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं. पण सरकारी शाळेत उर्दू लागायचं आणि माझं उर्दू भाजी घेण्यापुरतं होतं.

फादर वसईकडचे. रोमला जाऊन सात वर्षं धर्मशास्त्र घोटून आलेले. एवढा शिकलेला माणूस आमच्या माळावर कसा, याचं उत्तर आवारात सगळ्यांना ठाऊक होतं: त्यांचं कुणाशी पटत नव्हतं. जिथं जिथं नेमलं तिथं तिथं त्यांनी वरिष्ठांच्या प्रवचनात चुका काढल्या. शेवटी अशा जागी आणून ठेवलं, जिथं वाद घालायला याकोब गाडीवान, दोन बैल आणि मी एवढेच होतो. याकोब वाद घालत नसे. म्हणून मी.

त्यांचं एकच वैर होतं, ते नव्या मतांशी. धर्म काळाप्रमाणं बदलला पाहिजे, चमत्कार म्हणजे नुसते दृष्टांत, नरक म्हणजे मनाची अवस्था, सगळे धर्म सारखेच, असं कुठल्याही मासिकात छापून आलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मासिकं मुंबईहून महिनाभर उशिरा यायची. त्यामुळं ज्या लेखावर ते खवळलेले असत, तो लिहिणारा माणूसही तोवर विसरून गेलेला असे. फादर विसरत नसत. टेबलाशी बसून ते उत्तर लिहीत. "आक्षेप पहिला. त्याचं खंडन. आक्षेप दुसरा. त्याचं खंडन." एकेका लेखाला चाळीस-चाळीस पानं. मग माझी मराठी तपासून द्या म्हणून मला बोलावत, आणि मी एखादा शब्द बदलला की तोच कसा बरोबर आहे हे अर्धा तास सांगत. संपादक ती पानं परत पाठवत. आली की फादर म्हणायचे, "घाबरले."

"फादर, एवढं लांबण कोण छापणार?" मी एकदा म्हणालो. "काळ बदललाय."

"काय बदललं?" ते ओरडले. "ज्वारी बदलली? माणूस मरायचा थांबला? सत्याला वय नसतं, मास्तर. वय माणसाला असतं आणि म्हशीला."

हैदराबादकडं जाणारी मोटार आमच्या विहिरीपाशी थांबायची, इंजिनात पाणी घालायला. ती थांबली की फादर छत्री घेऊन निघालेच. ऊन असो, थंडी असो, छत्री उघडलेलीच. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत तांबड्या धुळीनं माखलेला, पायात फाटके बूट. मोटारीत चष्मेवाला, हातात वर्तमानपत्र असलेला माणूस हेरायचा आणि खिडकीतून विचारायचं, "आत्मा अमर आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांगा." तो बिचारा वकील असे किंवा कापसाचा दलाल. एकानं हसून म्हटलं, "महाराज, ज्याचा त्याचा विश्वास." झालं. मोटार निघाली तरी फादर बाजूनं चालत होते, पुढं पळत होते, आणि ओरडत होते, "विहीर खोल आहे की नाही, हाही ज्याचा त्याचा विश्वास का? उडी मारून बघा!" आम्ही शाळेच्या खिडकीतून बघत होतो आणि मला लाज वाटत होती. त्यांची नाही, माझीच. या माणसाच्या हाताखाली आपण नोकरी करतो याची.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. याकोबच्या पहिल्या मुलापर्यंत मी नेलंही.

याकोबची बायको मार्था. हसतमुख, काळीसावळी, शाळेचं अंगण सारवायची. तिचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा फादर याकोबची बैलगाडी घेऊन खेड्यांच्या फेरीला गेले होते. पोर जन्मलं, घटकाभर श्वास घेत राहिलं आणि गेलं. चांदबी सुईण मार्थाला सांभाळत होती. बाकी बाया रडत होत्या. दुसऱ्या दिवशी गाडी परतली. फादर उतरले, झगा न झटकता दाराशी आले आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पाणी कुणी घातलं?"

कुणी घातलं नव्हतं. बाप्तिस्मा झाला नव्हता. मग ते मूल मिशनच्या दफनभूमीत पुरता येणार नाही, असं त्यांनी त्या बापाच्या तोंडावर सांगितलं. दफनभूमी म्हणजे देवळामागची भिंत घातलेली जागा. मंत्रून पवित्र केलेली. बाप्तिस्मा न झालेल्याला तिथं जागा नाही, असा नियम. याकोबनं पोर भिंतीबाहेर निवडुंगापाशी पुरलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. फादर शेजारी उभे होते. प्रार्थनेचं पुस्तक त्यांनी उघडलं नाही.

मी त्या दिवशी त्यांच्या खोलीत शिरलो तो भांडायलाच.

"त्या पोराचं पाप काय?" मी विचारलं.

"स्वतःचं काही नाही."

"मग ते कुठं आहे आता? नरकात?"

"नाही. दुःख नाही तिथं. सुखात आहे. फक्त देवाचं दर्शन नाही. लिंबो म्हणतात त्या जागेला."

"हे तुम्ही तिच्या तोंडावर सांगाल?"

"विचारलं तर सांगीन. खोटं कसं सांगू?"

"आणि भिंतीच्या आत चार वीत जमीन दिली असती तर रोमचं काय बिघडलं असतं?"

त्यांनी तपकिरीची डबी उघडली, बंद केली. "मास्तर, आतल्या जागेला अर्थ आहे म्हणून तर तिला ती हवी आहे. वाटेल त्याला दिली तर त्या जागेत उरलं काय?"

मी म्हणालो, "आमच्यात तुमच्यापेक्षा बरं आहे. बाई आठव्या महिन्यात असते तेव्हाच स्वामी येऊन पोटातल्या बाळाचं लिंग आईच्या अंगावर बांधून जातात. जन्मायच्या आधीच पोर शिवाचं. आमचं पोर असं भिंतीबाहेर राहत नाही."

मला वाटलं, आता अंगावर येतील. पण ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "पोटातच? बाहेर यायच्या आधी? हे मला कुणी सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी छत्री उघडून, मला बरोबर घेऊन, दोन कोस चालत आमच्या मठात गेले. स्वामींसमोर मांडी घालून बसले आणि दिवसभर प्रश्न विचारत राहिले. कुणाच्या हातानं बांधता? आई मेली तर? जुळं निघालं तर? स्वामी कंटाळले, पण खूषही झाले. इतक्या बारकाईनं त्यांना कुणा लिंगायतानंही कधी विचारलं नव्हतं. परत येताना फादर मला म्हणाले, "तुमचं चुकीचं आहे, मास्तर. पण तुम्ही लोक गंभीर आहात. त्या मासिकवाल्यांना मेलेलं पोर कुठं जातं याची फिकीरच नाही." आणि मग, बराच वेळ चालल्यावर, "आमच्यात पोटापर्यंत पाणी पोचत नाही हो," म्हणाले.

त्याच आठवड्यात भोपळा आला.

रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपल्यावर त्यांनी आवारातल्या सगळ्या मोठ्या माणसांना विहिरीपाशी उभं केलं. ख्रिस्ती तर झालेच, पण मी, हिंदू पहारेकरी आणि मुसलमान चांदबीसुद्धा. मधे स्टुलावर फडक्यात गुंडाळलेला एक दुध्या भोपळा. मरायला टेकलेल्या मुलाला बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, ते म्हणाले. पाद्री लागत नाही, ख्रिस्तीही लागत नाही. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे, शब्द बरोबर पाहिजेत, आणि चर्च जे करतं ते करण्याचा इरादा पाहिजे. बास. ही शिकवण जुनी आहे आणि तिच्यात कुणी ढवळाढवळ केलेली नाही.

मग एकेकानं येऊन भोपळ्यावर पाणी घालायचं आणि म्हणायचं, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो." मला तीनदा करायला लावलं. "ओलं बोट फिरवू नका मास्तर, अत्तर लावताय का? पाणी वाहू द्या!" चांदबीनं पहिल्या फटक्यात बरोबर केलं, तर म्हणाले, "शाबास." आमचा पहारेकरी भाबडेपणानं म्हणाला, "आता ह्यो भोपळा किरिस्ताव झाला का?" फादरांनी गंभीरपणे समजावलं की भोपळ्याला आत्मा नाही, म्हणून संस्कार लागत नाही. तरी संध्याकाळी तो भोपळा चिरायला एकही बाई तयार होईना. शेवटी बैलांना घातला.

मी पोट धरून हसलो. खोटं का सांगू, घरी जाऊन नक्कल करून दाखवली आणि त्या निमित्तानं घरचे माझ्याशी पुन्हा बोलू लागले.

पुढच्या वर्षी छोटे फादर आले, मदतनीस म्हणून. तरुण, गोरेपान, मनगटावर घड्याळ. पेटी वाजवायचे, सगळ्यांशी हसून बोलायचे. फादरांची ती मासिकं छोटे फादर मन लावून वाचायचे आणि ती त्यांना पटायची. "मास्तर, शेवटी सगळं एकच," मला म्हणायचे. "देव काय कचेरीत बसलाय, पाण्याचा दाखला आणा म्हणायला? ते मूल देवापाशीच आहे." हे ऐकून मला किती बरं वाटलं! मीच जाऊन मार्थाला सांगितलं. तिनं झाडू थांबवला. "मग फादर आसं का म्हनत न्हाईत?" तिनं विचारलं.  छोट्या फादरांचं म्हणणं तिला पुरत नव्हतं. तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं, ज्यानं पोर बाहेर ठेवलं होतं. तेव्हा मला तिचाही राग आला होता, हे कबूल करतो.

मग रझाकारांच्या धामधुमीचं वर्ष उजाडलं. रस्त्यावर मोटारी कमी झाल्या. गावागावांतली माणसं बिऱ्हाडं घेऊन सोलापूरच्या हद्दीत जाऊ लागली. फादरांना वाद घालायला प्रवासी मिळेनात आणि त्यातच हिवतापानं त्यांना धरलं. त्या दिवसांत मार्थाचं दुसरं बाळंतपण आलं, दिवस भरायच्या आत.

सकाळची वेळ. मी माझ्या खोलीत पूजेला बसलो होतो. तळहातावर लिंग, शेजारी पाण्याचा तांब्या, बोटांना विभूती. तेवढ्यात शेजारच्या याकोबच्या घरातून चांदबीची हाक आली. "मास्तर! जल्दी आओ! बच्चा जारा, पानी डालो! मेरे हातां भरे हैं!"

मी तांब्या उचलला आणि तसाच धावलो. आत मार्थाचं रक्त थांबत नव्हतं, चांदबी तिला सोडू शकत नव्हती. तिनं दाराच्या पडद्याखालून फडक्यातलं पोर माझ्याकडं सरकवलं. ओंजळीएवढं. ओठ निळे. छाती हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. पडद्यामागून मार्था एवढंच म्हणत होती, "घाला वो मास्तर, पानी घाला."

मी घातलं. तांब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावरून वाहिलं आणि माझ्या मांडीवर सांडलं. शब्द म्हणालो. भोपळ्यावर तीनदा म्हणवून घेतलेले शब्द, एकही चुकला नाही. आणि मग, हे मला कळलंच नाही, माझी तीन बोटं त्याच्या कपाळावरून फिरली. आमच्यात मूल हातात आलं की हात कपाळाकडं जातोच. जरा वेळानं छाती हलायची थांबली.

उन्हं वर आली तोवर सगळं आवार याकोबच्या दारात जमलं होतं. पोराच्या कपाळावर तीन पांढरे पट्टे, ओल्यावर लावलेले, वाळून ठसठशीत झालेले. बघणारे एकमेकांकडं बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "मास्तरनं आपला मंतर घातला. ह्यो कसला बाप्तिस्मा?" दुसरा म्हणाला, "पोर लिंगायत झालं की." मी ओरडून सांगत होतो की शब्द मी तुमचेच म्हटले, पण ते कपाळ बघून कोण ऐकणार?

मी छोट्या फादरांकडं बघितलं. या माणसाच्या मनात कसलीच भिंत नाही, हा बोलेल, असं मला वाटलं. ते हळू आवाजात मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, दिवस कसले आहेत ते तुम्ही बघताय. लिंगायत मास्तरानं ख्रिस्ती संस्कार केला, ही बातमी बाहेर जाऊन कशाला वाढवायची? तुमच्या लोकांना काय वाटेल? निवडुंगापाशी पहिलं आहे, तिथंच हेही ठेवू. जागेला काय अर्थ आहे? देव सगळीकडंच आहे."

देव सगळीकडं! मला आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. वर्षभर याच वाक्यावर मी भाळलो होतो. आता कळलं की ते किती सोयीचं आहे. देव सगळीकडं आहे, म्हणजे मार्थाचं पोर कुठंही पुरा. कुणाशी भांडायला नको आणि कुणाचं मन दुखवायला नको. दुखलं तर तिचं, आणि ती पडद्यामागं.

तेवढ्यात गर्दी फाकली. फादर येत होते. घोंगडी पांघरलेली, दात वाजतायत, आणि तापातसुद्धा डोक्यावर उघडी छत्री. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. पोराकडं त्यांनी वाकून बघितलं, कपाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जिवंत होतं?"

"होय. श्वास चालू होता."

"पाणी कुठलं?"

"माझ्या पूजेच्या तांब्यातलं."

"पाणीच ना? दूध नव्हतं, पंचामृत नव्हतं?"

"विहिरीचं पाणी."

"वाहिलं?"

"माझं धोतर ओलं आहे अजून, बघा."

"शब्द?"

मी म्हणून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"इरादा काय होता?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या लोकांत उलटतपासणी चालवलेल्या त्या माणसाचा मला असा संताप आला की मी खरं तेच फेकलं. "माझा तुमच्या एकाही गोष्टीवर विश्वास नाही. लिंबो नाही, पाणी नाही, काही नाही. तिनं मागितलं म्हणून मी घातलं. तुम्ही जे करता ते तिला हवं होतं, तेच केलं."

"तुमचा विश्वास कोण विचारतोय?" फादर माझ्यावर डाफरले. "विश्वास तुमचा तुमच्यापाशी ठेवा. आम्ही जे करतो तेच करायचं होतं ना? आता शेवटचं. पाणी आधी की राख आधी?"

"पाणी आधी."

"मग झालं." ते गर्दीकडं वळले. आवाज चिरकत होता तरी देवळापर्यंत गेला असेल. "हे मूल ख्रिस्ती आहे. तुमच्या-माझ्याइतकंच. मागून लावलेल्या राखेनं बाप्तिस्मा पुसला जात नाही. उपासाच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारी, राख आपणही लावतो कपाळाला. ज्याला शंका असेल त्यानं माझ्यासमोर यावं, मी ग्रंथ उघडून दाखवतो."

एक बाई ओलं फडकं घेऊन पट्टे पुसायला पुढं झाली. फादर केवढ्यानं ओरडले! "पाणी लावू नका! बाप्तिस्मा एकदाच. उद्या कुणी म्हणेल, पुन्हा दिला!" तशाही वेळी याकोबच्या तोंडावर हसू येऊन गेलं, मी बघितलं.

छोटे फादर पुन्हा दिवस कसले आहेत ते सांगू लागले. फादर म्हणाले, "तुम्ही हे जगभर सगळ्यांसाठी दार उघडं आहे म्हणत फिरता. एक मूल दारात आलंय, त्याला आत घ्यायला तुमची छाती का होत नाही?" आणि याकोबला सांगितलं, "आत. देवळाच्या भिंतीजवळ, चांगल्या जागी खणा."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्यांच्या सगळ्या आक्षेपांचं आणि खंडनांचं एकदाचं सार्थक झालं असं वाटलं.

तेवढ्यात पडद्यामागून मार्था बोलली. आवाज अगदी बारीक.

"फादर, मग थोरलं?"

याकोब खणायला निघाला होता, तो थांबला.

"थोरल्याला बी आत घ्याल का आता?"

फादर पडद्याकडं वळले. "नाही, मार्था," ते म्हणाले. "त्याला पाणी मिळालं नाही. मी ते देऊ शकत नाही आता."

काय गेलं असतं हो या माणसाचं? एक शब्द! रक्तबंबाळ पडलेली बाई विचारते आहे, आणि हा नियम सांगतोय. मी तोंड उघडणार होतो, पण तीच पुन्हा बोलली.

"मग ह्यालाबी भाईरच न्या. थोरल्याच्या बाजूला. त्यो लई दिस येकटाच हाय."

छोटे फादर पुटपुटले, "मी तेच तर म्हणत होतो."

"नाही!" फादर गर्रकन वळले. "तुम्ही म्हणत होता जागेला अर्थ नाही. तिला अर्थ कळतो. कळतो म्हणून ती सोडते आहे. हे दोन्ही एक म्हणाल तर या आवारात राहू नका." आणि मग तिथंच चौथऱ्यावर बसले. ज्या माणसाला चाळीस पानं खंडन सुचायचं, त्याला एक वाक्य सुचेना.  शेवटी ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "मंत्रलेली जमीन नसेल तिथं, त्या एका कबरीपुरती जमीन पवित्र करता येते. नियमात आहे."

पांढरा झगा, गळ्यात पांढरी पट्टी घालून ते आले. पवित्र पाण्याचं भांडं धरायला माझ्याकडं दिलं. दुसरा कुणी पुढं होत नव्हता. भिंतीबाहेर निवडुंगापाशी याकोबनं खणलं होतं, थोरल्याच्या दगडांपासून हातभर अंतरावर. भर उन्हात त्यांनी सगळी लॅटिन प्रार्थना म्हटली, एक ओळ गाळली नाही. मग पितळी दांडी पाण्यात बुडवून शिंपडायला लागले. एकदा मधोमध. एकदा उजवीकडं. तिसऱ्यांदा डावीकडं, आणि हात लांब गेला. थोरल्याच्या दगडांवर पाणी पडलं. चांगलं भरपूर. दगड तापलेले, क्षणात सुकायला लागले. त्यांनी दांडी पुन्हा बुडवली. विधीत तीनदाच शिंपडायचं असतं, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. चौथ्यांदाही पाणी तिकडंच गेलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पुस्तकाकडं बघत होते.

परत आलो तेव्हा मार्था खाटेवर होती. रक्त थांबलं होतं. चांदबी तिच्या उशाशी बसून होती. याकोब पुढं आलेला, त्यानं सांगितलं असणार. फादर दारातच थांबले, चौकटीला धरून. मार्थानं मान वळवली आणि सरळ त्यांनाच विचारलं.

"फादर, थोरल्यावर बी पडलं का वो पानी?"

 "मला ताप आहे," ते म्हणाले. "हात ठिकाणावर नव्हता माझा." पुढं बोलता येईना. पडलं म्हणावं तर तिला वाटणार की मूल आत आलं, आणि ते त्यांच्या ग्रंथात कुठंच नव्हतं. नाही पडलं म्हणावं तर ते धडधडीत खोटं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं, वादात हरताना नाही आणि तापात नाही.

मी म्हणालो, "पडलं मार्था. दोनदा पडलं. म्या बघितलं."

तिनं डोळे मिटले. मी वाट बघत होतो की आता फादर म्हणतील, मास्तर, तेवढ्यानं काही होत नाही. ते म्हणाले नाहीत. छत्री न उघडता उन्हातून खोलीकडं गेले. पुढं त्यांची बदली होईपर्यंत त्या दिवसाविषयी मी तीनदा विचारलं, तीनही वेळा त्यांनी विषय बदलून मासिकातल्या कुठल्या तरी लेखावर तोफ डागली.

लोक म्हणोत संत. तिनं विचारलं होतं त्यांना. उत्तर त्यांच्या तोंडून हवं होतं तिला, दोन वर्षं ती त्याचीच वाट बघत होती. ते त्यांनी माझ्यासारख्या गळ्यात लिंग असलेल्या, त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास नसलेल्या माणसाला बोलायला लावलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.